कुलवृत्तांत ४१२ पानांचा होता, रविवारी सकाळी ६१ चा निघाला

रविवारी सकाळी साडेनऊची गोष्ट, पोहे अजून कढईतच होते आणि हॉलमधून सासऱ्यांची हाक आली, "अगं जरा बघ गं, पानं कमी झालीयत." मला वाटलं प्रिंटरमधली. म्हटलं बाबा, खालच्या ड्रॉवरमध्ये नवीन रीम आहे बघा. तर म्हणे "ती नव्हेत गं, फाइलची पानं."

हात पुसत जाऊन बघितलं. वर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात पानांचा आकडा येतो ना, तिथे ६१. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे ४१२ होते, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे कारण बाबा रोज रात्री जेवताना तो आकडा सांगतात.

आता आधीचं थोडं सांगते. आम्ही कोथरूडला राहतो, सासरे एका सहकारी बँकेतून रिटायर झाले आणि गेली सहा वर्षं घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती करतायत. ज्यांच्या घरात हे प्रकरण आहे त्यांना वेगळं सांगायला नको, मूळ पुरुषापासून सगळी वंशवेल, कोण कुठे गेलं, कुणाला कुठे दत्तक दिलं, सुनांची माहेरची नावं, कुणाचा फोटो नाही, कुणाची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. आमच्या घराण्याच्या शाखा पुणे, नागपूर, इंदूर, बेळगाव आणि बडोदा अशा पसरलेल्या, आणि हे सगळंच्या सगळं एका वर्डच्या फाइलमध्ये, फोटोंसकट. मी दोन-तीनदा म्हटलं होतं की बाबा, शाखेप्रमाणे वेगळ्या फाइली करू. त्यांचं म्हणणं "कुळ एक आहे तर फाइलही एक." यावर काय बोलणार.

बाबांची सेव्ह करायची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ते कॉम्प्युटर शिकले तेव्हा घरी डेस्कटॉप होता, यूपीएसची बॅटरी कायम मेलेली. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार, त्या दिवशी लाईट जाणार हे गृहीतच असायचं, पण बाकीच्या वारी ती न सांगता जायची आणि जाताना अर्धं पान घेऊन जायची. दोन-चारदा हात पोळल्यावर त्यांनी कंट्रोल एस धरलं ते आजतागायत. प्रत्येक ओळीनंतर, आणि तेही दोनदा. का दोनदा विचारलं तर "एकदा कॉम्प्युटरला सांगितलं, एकदा त्याने ऐकलं का ते बघितलं." शिवाय रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर ओढायचा, "आधीच्या फाइली बदलू का" असं विचारलं की हो म्हणायचं, आणि पेनड्राइव्ह देवघराखालच्या खणात. सहा वर्षं एक ओळ गेली नाही त्यांची.

मग मध्ये मी पडले.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे घरात कॉम्प्युटरबद्दल माझा शब्द शेवटचा (चुकून). दिवाळीत बाबांना नवीन लॅपटॉप घेतला, त्यांचं डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत) टाकलं, वर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं ऑटोसेव्हचं बटण चालू झालेलं दाखवलं आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बाबा आता कंट्रोल एस विसरा, हे दर काही सेकंदांनी आपोआप सेव्ह करतं, लॅपटॉप चोरीला गेला तरी फाइल वर सुरक्षित. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अर्धं सांगायचं राहिलं होतं, आणि ते अर्धं मला त्या रविवारपर्यंत सुचलंही नव्हतं.

राहिलेलं अर्धं समजायला बाबांची कापाकापी समजली पाहिजे. एखाद्या शाखेचं काम झालं की ते त्या शाखेच्या लोकांना तपासायला पाठवतात. नागपूरवाल्यांना फक्त नागपूर. त्यासाठी ते मुख्य फाइल उघडायचे, नागपूर सोडून बाकी सगळं निवडून उडवायचे, आणि शेवटी सेव्ह ॲज करून "नागपूर शाखा" असं नवीन नाव द्यायचे. मुख्य फाइल जशीच्या तशी, कारण उडवाउडवी झाल्यावर तिच्या नावावर सेव्ह केलेलंच नसायचं. मी नंतर त्यांना विचारलं की तुम्ही तर ओळीओळीला कंट्रोल एस दाबता, मग कापताना कधी चुकून दाबलं नाही? तर एकदम गंभीर होऊन म्हणाले, "कापताना डावा हात मी मांडीवर ठेवतो."

मला हे भारी वाटलं. म्हणजे त्यांच्या बोटांना दोन नियम माहीत होते, लिहिताना सतत सेव्ह, कापताना अजिबात नाही. सेव्ह करणं हा त्यांच्यासाठी निर्णय होता, आत्ता जे समोर दिसतंय ते मला मान्य आहे असं सांगण्याचा, आणि मी तो निर्णय त्यांच्या हातातून काढून यंत्राला दिला. यंत्राला काय माहीत की हा माणूस आता लिहीत नाहीये, कापतोय.

तर शुक्रवारी सकाळी बाबांनी मुख्य फाइल उघडली, साडेतीनशे पानं निवडली, डिलीट. डावा हात नेहमीप्रमाणे मांडीवर. पण ऑटोसेव्हला मांडी नाही, त्याने काही सेकंदांत ती ६१ पानं मुख्य फाइलच्याच नावावर चढवली. मग बाबा सेव्ह ॲज शोधायला गेले, ते मेनूत दिसेना, कारण फाइल वनड्राइव्हवर असली आणि ऑटोसेव्ह चालू असलं की त्या जागी "सेव्ह अ कॉपी" असतं. त्यांनी शब्द वेगळा आहे पण अर्थ तोच असणार असं समजून कॉपी केली, नाव दिलं नागपूर, सगळं बंद केलं. खरं तर इथेच मेख आहे, ती कॉपी कापायच्या आधी करायची असते. आधी कॉपी, मग त्या कॉपीत कापाकापी. आधीच्या पद्धतीत शेवटी नाव बदललं तरी चालत होतं, इथे चालत नाही. यात वर्डचा दोष काढायचा नाहीये मला, ते सांगितलेलं काम इमानाने करत होतं, सांगायचं काम माझं होतं.

फाइल बंद करेपर्यंत सुद्धा वेळ होती, कंट्रोल झेड दाबत गेलं असतं तर सगळं परत आलं असतं. बंद केल्यावर ती वाटही संपली.

संध्याकाळी फोल्डर पेनड्राइव्हवर गेलं. बदलू का? हो. म्हणजे शुक्रवारी दिवेलागणीला परिस्थिती अशी होती की लॅपटॉपवर ६१ पानं, वनड्राइव्हवर ६१ पानं आणि देवघराच्या खणात ६१ पानं. तीन प्रती, आणि तिन्ही एकसारख्या चुकलेल्या. फाइल ९० एमबीची १४ एमबी झाली होती, पण ते आकडे बघतं कोण. पुढचे नऊ दिवस बाबा नागपूरच्याच फाइलमध्ये दुरुस्त्या करत होते, व्हॉट्सॲपवर नागपूरचे काका फोटो आणि तारखा पाठवत होते, आणि रविवारी इंदूरची पाळी आली म्हणून मुख्य फाइल उघडली तेव्हा हे कळलं.

मी पहिलं काय केलं असेल तर म्हटलं, बाबा, किबोर्डला हात लावू नका. ओरडलेच जवळजवळ. कारण मला एक गोष्ट माहीत होती, वनड्राइव्ह फाइलच्या मागच्या आवृत्त्या ठेवतं पण पर्सनल अकाउंटला शेवटच्या २५ च. ऑटोसेव्ह चालू असताना त्या फाइलमध्ये काम करत राहिलं की मधून मधून नवीन आवृत्ती पडते आणि सगळ्यात जुनी मागून गळते. बाबा बिचारे घाबरून "आठवतंय तेवढं लिहून काढतो" म्हणत होते. ते त्याच फाइलमध्ये दोन-चार दिवस लिहीत बसले असते तर चांगली प्रत यादीतून बाहेर ढकलली जायची शक्यता होती. आमचं नशीब एवढंच की त्या शुक्रवारनंतर मुख्य फाइल कुणी उघडलीच नव्हती.

फाइल मेनूत जाऊन इन्फो, तिथे व्हर्जन हिस्टरी. उजवीकडे तारीख-वेळांची यादी उघडली, १४ आवृत्त्या. शुक्रवार सकाळी १०:५१ ची उघडली, ६१ पानं. तिच्या खालची १०:४२ ची. लोड व्हायला वेळ लागला, तो चक्र फिरण्याचा अर्धा मिनिट बाबा डोळे मिटून बसले होते, आणि खाली आकडा आला ४१२. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं का? पोहे गार झाले."

रिस्टोअर लगेच दाबलं नाही. आधी ती जुनी आवृत्ती वेगळ्या नावाने लॅपटॉपवर उतरवली, एक पेनड्राइव्हवर, आणि मग रिस्टोअर. ही कामातली सवय आहे, सुटकेचा रस्ता सापडला की आधी त्याचा फोटो काढायचा.

मग बसून बाबांना सगळं समजावलं, आणि समजावताना माझंच डोकं साफ झालं. आपण सगळे "सेव्ह झालंय" या एका शब्दात तीन-चार वेगळी कामं कोंबतो. वर्डचं जे ऑटोरिकव्हर असतं, जे मुळात दर १० मिनिटांनी एक तात्पुरती प्रत बाजूला ठेवतं, ते फक्त लाईट गेली किंवा वर्ड बंद पडलं तर कामाचं, तुम्ही फाइल नीट सेव्ह करून बंद केलीत की ती प्रत आपोआप जाते. ऑटोसेव्ह म्हणजे तुमच्या जागी कुणीतरी सतत कंट्रोल एस दाबतंय. सिंक म्हणजे आरसा, इथे जे झालं ते तिथेही, इथे फाइल उडवली तर तिथूनही उडते (कचऱ्यात ३० दिवस राहते, पण तेवढ्यात लक्षात यायला हवं ना). आणि बॅकअप म्हणजे काल कसं होतं ते आज बघता येणं. बाबांचा पेनड्राइव्ह दिसायला बॅकअप होता पण कामाने आरसाच होता, फक्त दिवसातून एकदा बघायचा आरसा.

हे ऐकून बाबा म्हणाले ते मला ऑफिसातल्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा आवडलं. "आमच्या लेजरमध्ये खोडायची पद्धत नव्हती. चूक झाली तर वर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी छोटी सही. खरवडून काढलं की मेमो. तुझ्या या यंत्राने खरवडलं." म्हटलं खरवडलं, पण रेघ मारलेलं पान मागे ठेवलंय, ते कुठे ठेवलंय हे मी तुम्हाला दाखवलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल मग हातानेच सेव्ह करत बसावं का. नाही, मला तसं अजिबात वाटत नाही. बाबांची शिस्त लाखात एखाद्याची, मी स्वतः दिवसभर कॉम्प्युटरवर असून आठवड्याचा बॅकअप घ्यायला तीन आठवडे विसरते. माणूस विसरतो म्हणूनच आपोआपचं काढलंय. पण आपोआप चाललंय म्हणून कुणी बघतच नाही ही त्याची दुसरी बाजू, आणि तिचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटा उडवायची कमांड दिली, लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअप एक नाही, पाच प्रकारचे लावलेले. बघायला गेले तर एकही धड चालत नव्हता. डेटाबेसचा रोजचा बॅकअप प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नसल्यामुळे होतच नव्हता, आणि "बॅकअप झाला नाही" असं सांगणाऱ्या ईमेल सुद्धा वाटेत नाकारल्या जात होत्या, म्हणजे शांतता होती म्हणून सगळे निश्चिंत. शेवटी उपयोगाला काय आलं, तर कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी साधारण सहा तास आधी हाताने काढून ठेवलेली प्रत! सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. ही सगळी हकिगत त्यांनी स्वतःच जाहीर केली, लपवली नाही, हे मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं.

बाबांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा असा की "बघ, हाताचंच शेवटी."

त्यांना मग सीडीची आठवण करून दिली. पहिल्या आवृत्तीचं डीटीपी नारायण पेठेत झालं होतं, पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फाँटमध्ये, आणि त्या माणसाने काम झाल्यावर एक सीडी दिली होती. बाबांनी ती वीसेक वर्षं कापडात गुंडाळून जपली. दुसऱ्या आवृत्तीचं काम काढलं तेव्हा आधी सीडी ड्राइव्ह असलेलं मशीन शोधण्यात एक आठवडा, मग त्यातला मजकूर वर्डमध्ये आणला तर मूळ पुरुषाच्या जागी रोमन अक्षरं आणि टिंबं, कारण ते फाँट युनिकोडचे (सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीचे) नाहीत, कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नव्हतंच. कन्व्हर्टरमधून काढून रफार आणि जोडाक्षरं हाताने नीट करायला चार महिने गेले. तेव्हा हाताने जपलेली प्रत सुद्धा अधूनमधून उघडून बघितली नाही तर काय होतं, हे आमच्या घरात आधीच घडून गेलंय.

असो. रविवारचं खरं काम ४१२ पानं मिळाल्यावर सुरू झालं, कारण नऊ दिवसांच्या नागपूरच्या दुरुस्त्या दुसऱ्या फाइलमध्ये होत्या. बाबा म्हणाले डोळ्यांनी ताडून बघू. ६१ पानं, जन्मतारखा, आणि त्यांचा मोतीबिंदूचा डोळा. वर्डमध्ये रिव्ह्यूमध्ये कंपेअर म्हणून आहे, दोन फाइली दिल्या की फरक रंगवून दाखवतं. मी उत्साहात ४१२ ची आणि ६१ ची दिली, तर त्याने साडेतीनशे पानं लाल करून ठेवली, बरोबरच आहे, तेवढी कमी होतीच. मग दुपारी भांडी आवरताना सुचलं, की सापडलेल्या जुन्या फाइलची आधी एक प्रत करायची, त्या प्रतीत नागपूर सोडून बाकी उडवायचं, म्हणजे दुरुस्तीच्या आधीचं नागपूर हातात येतं, आणि ते दुरुस्त केलेल्या नागपूरशी ताडायचं. आता फक्त खरे फरक उरले, ३८. त्यातले पाच नुसत्या जागा सुटलेल्या, एक तर गंमत, एका पणजीचं माहेरचं आडनाव नागपूरच्या काकांनी दोनदा बदलून परत पहिलंच केलं होतं. संध्याकाळी सातपर्यंत नागपूर परत मुख्य फाइलमध्ये बसलं.

त्यानंतर घरात जी व्यवस्था लागली ती अर्धी माझी, अर्धी बाबांची. मुख्य फाइलला वर्डमध्येच "नेहमी वाचण्यापुरती उघड" असं लावून टाकलंय, ते प्रोटेक्ट डॉक्युमेंटमध्ये मिळतं, म्हणजे उघडताना विचारतं की खरंच बदल करायचेत का. तेवढी एक ठेच पुरते. ऑटोसेव्ह बंद करावं का यावर आमची बरीच वादावादी झाली, मी म्हटलं बंद करू, बाबाच म्हणाले "राहू दे, लिहिताना बरं पडतं, आता मला कळलंय ते काय करतं." तापकीर गल्लीतून १ टीबीची हार्ड डिस्क आणली, तिच्यावर विंडोजची फाइल हिस्टरी लावली, डिस्क जोडलेली असली की दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या ठेवते. ती कायम जोडून ठेवत नाही, कारण व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर जोडलेली डिस्कही त्यातच जाते.

पेनड्राइव्ह बाबांनी सोडला नाही, पण आता फाइलच्या नावात तारीख घालतात, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. बदलू का हा प्रश्नच येत नाही. ते रविवारीच करतात, आणि करताना मागची कुठलीतरी एक उघडून शेवटच्या पानापर्यंत जातात, लेजर टॅली केल्यासारखं. शिवाय एक प्रत छापून स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवलीय, तीत ते हिरव्या पेनने दुरुस्त्या करतात, रेघ मारून, शेजारी छोटी सही.

परवा इंदूरची शाखा काढायला बसले. मी मीटिंगमध्ये होते, माइक म्यूट, आणि हॉलमधून आवाज, "अगं, कापू का?"

"बाबा, आधी फाइलचं नाव वाचा."

"इंदूर. आजची तारीख."

"मग कापा."

मान वाकडी करून बघितलं तर डावा हात अजूनही मांडीवरच होता.